दोघांची सहल, विसांची पंगत



शनिवारी शाळा लवकर सुटते, संध्याकाळी बँकेचा हिशेब मिटतो आणि पारोळ्यातल्या अनेक घरांत एकच विषय निघतो: उद्या कुठं जायचं? पुण्या-मुंबईच्या जोडप्यांना याचं उत्तर शोधावं लागत नाही. लोणावळा आहे, अलिबाग आहे. पारोळ्याला समुद्र लांब. थंड हवेचं ठिकाण म्हणावं तर तोरणमाळ, पण ते नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या माथ्यावर. एका दिवसात जाऊन यायचं तर रस्त्यातच दिवस मावळतो. गावाला रेल्वे स्टेशन नाही, गाडी पकडायला अमळनेर गाठावं लागतं.

पण गावातून हायवे जातो. जुनी माणसं त्याला अजून 'सहा नंबर' म्हणतात, सरकारी पाटीवर आता 53 आहे. या रस्त्यानं पश्चिमेला पस्तीसेक किलोमीटरवर धुळं, पूर्वेला पंचवीस-तीसवर एरंडोल आणि साठच्या आत जळगाव. आडवं फुटलं की वीसेक किलोमीटरवर अमळनेर. मोटारसायकलवर दोघं बसली तरी रविवारी सकाळी निघून दिवेलागणीला घरी येता येईल, एवढाच हा घेर. आणि या घेरात खाण्याचं, देवाचं, इतिहासाचं इतकं काही आहे की वर्षाचे रविवार पुरत नाहीत.

एक गोष्ट मात्र खान्देशात वेगळी आहे. इथं दोघं घरून निघतात, पण पानावर दोघंच क्वचित बसतात. वाटेत मावसबहीण राहते, एरंडोलला शालक असतो, अमळनेरला कॉलेजातला मित्र. गावात शिरताना गाडीचा नंबर कुणीतरी ओळखतोच. मग अहिराणीत आग्रह सुरू होतो, "बठा, जेवाले बठा!" नव्या जोडप्याला पहिल्या वर्षी याचा वैताग येतो. दोघांनी निवांत फिरावं म्हणून निघायचं आणि विसांच्या पंगतीत जेवायचं! पण दोन-चार फेऱ्या झाल्या की त्यांचीही वाटणी ठरून जाते: रस्ता दोघांचा आणि पंगत सगळ्यांची.

सुरुवात गावापासूनच करू. पारोळ्याचा भुईकोट किल्ला भर वस्तीत उभा आहे. हरी सदाशिव दामोदर या जहागिरदारांनी तो 1727 मध्ये बांधला असं सांगतात. त्यांनीच इथल्या लहानशा खेड्याचं तटबंदीचं शहर केलं. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या सासरच्या नेवाळकर घराण्याशी या गावाचं नातं आहे. सत्तावन्नच्या उठावानंतर इंग्रजांनी जहागीर खालसा केली आणि किल्ल्याची मोडतोड केली. खंदक, तट आणि बुरूज यांतलं जे उरलं ते आजही पाहण्यासारखं आहे. नवरात्रात बालाजी महाराजांच्या वहनांच्या मिरवणुका निघतात आणि दसऱ्याच्या सुमारास रथ. त्या दिवसांत पारोळेकर सहलीला जात नाही, सहलच पारोळ्याला येते. सुरत, नाशिक, पुण्याला गेलेली पोरं बायकोला घेऊन हजर होतात आणि गल्लीतल्या प्रत्येक ओट्यावर वर्षभराच्या गप्पा निघतात.

अर्ध्या दिवसाची सहल म्हटली की पहिलं नाव पद्मालयाचं. एरंडोलहून रानातल्या रस्त्यानं आत गेलं की तळं लागतं. कमळांचं तळं, म्हणून पद्मालय. गाभाऱ्यात गणपतीच्या दोन मूर्ती शेजारी शेजारी आहेत, एकाची सोंड उजवीकडं आणि दुसऱ्याची डावीकडं. एकाच गाभाऱ्यात असे दोन गणपती फार ठिकाणी सापडत नाहीत. एरंडोल गावात पांडववाडा आहे, पद्मालयाजवळ भीमकुंड आहे आणि भीमानं बकासुराला इथंच मारलं असं सांगणारी माणसंही आहेत. बकासुराची कथा ऐकून झाल्यावर भूक लागते हेही ओघानंच आलं.

अशा देवस्थानांच्या आवारात नवस फेडायला आलेल्या मंडळींचा स्वयंपाक मांडलेला असतो. त्यातला राजा वरण-बट्टी. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात ओवा, हळद, तेलाचं मोहन घालून घट्ट गोळे करायचे. कुणी ते गोवऱ्यांच्या आरात भाजतात, कुणी आधी उकडून, काप करून तळतात. वर तुरीचं पातळ वरण, तुपाची धार आणि बाजूला घोटलेली वांग्याची भाजी. चार माणसांपुरती बट्टी करायला कुणी आर पेटवत नाही. पन्नासांचा घाट घातला की त्यात अनोळखी दोघं सहज सामावतात. दर्शनाला आलेल्या जोडप्याला हाक मारून बसवणं हे यजमानाला पुण्याचं वाटतं, आणि पाहुण्याला नाही म्हणणं जड जातं.

दुसरी वाट बोरी नदीची. तामसवाडीजवळ बोरीवर धरण आहे. पाऊस झाल्यावर तिथं पाणी पाहायला जाणारी जोडपी कमी नाहीत. याच तालुक्यातलं बहादरपूर हे नीलिमा मिश्रा यांचं गाव. गावातल्या बायकांच्या बचत गटांना त्यांनी उभं केलं आणि त्या कामासाठी त्यांना 2011 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायकांनी शिवलेल्या गोधड्या परदेशापर्यंत गेल्या. सहलीहून परतताना प्लास्टिकचं खेळणं आणण्यापेक्षा अशी एखादी गोधडी घरी आणली तर ती थंडीत दोघांच्या कामाला येईल.

पुढं बोरीच्याच काठावर अमळनेर. इथं मंगळ ग्रहाचं मंदिर आहे. मंगळवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते, शनिवार-रविवारी त्या मानानं निवांत. वैशाखात नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. साने गुरुजी इथल्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते, श्रीमंत प्रतापशेठजींनी इथं तत्त्वज्ञान मंदिर उभारलं आणि विप्रो कंपनीचा जन्मही इथल्याच तेलाच्या गिरणीतून 1945 साली झाला. 2024 च्या फेब्रुवारीत सत्त्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला भरलं, तेव्हा पारोळ्याहून पुस्तकं घ्यायला जाणं हीच अनेकांची रविवारची सहल झाली.

आता खरा विषय. हिवाळा आणि भरीत.

चातुर्मासात कित्येक घरांत वांगं वर्ज्य असतं. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवला की वांग्याची वाट मोकळी होते. भरताचं वांगं म्हणजे बाजारातलं जांभळं वांगं नव्हे. ते फिकट हिरवं, तुकतुकीत, बिया कमी आणि आकारानं चांगलं दांडगं. आसोदा, भालोद, बामणोद ही त्याची माहेरघरं. 2016 मध्ये 'जळगाव भरीत वांगी' या नावानं त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, जळगावच्या केळीच्या जोडीनं.

भरीत शेतातच करायचं. कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या वाळक्या काड्यांचा जाळ करतात आणि त्यात वांगी टाकतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुरकट वास येत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. सालं काढून गर लाकडाच्या बडगीत घालतात आणि लाकडी मुसळीनं ठेचतात. मिक्सरचं नाव काढलं तर जाणती बाई पंगतीतून उठवेल. मग कढत तेलात ठेचलेली हिरवी मिरची आणि लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, पातीचा कांदा आणि शेवटी मूठभर कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, नाहीतर पुऱ्या. मुळा, कच्चा कांदा, दही. केळीच्या पानावर हे वाढलं की अर्धा तास कुणी कुणाशी बोलत नाही.

भरीत पार्टी ही खान्देशातली अशी गोष्ट आहे की तिथं निमंत्रणाची पत्रिका लागत नाही. शाळेचे शिक्षक करतात, दवाखान्याचा स्टाफ करतो, भिशीच्या बायका करतात, पुढारी तर करतातच. मळा एकाचा, वांगी दुसऱ्याची, तेल-मिरची तिसऱ्याची. आणि इथं एक बदल चांगला झाला आहे. पूर्वी मळ्यात पुरुषांची पार्टी व्हायची, बायका घरूनच भाकऱ्या भाजून पाठवायच्या. आता जोडीनं जायची रीत पडते आहे. वांगी सोलायला, बडगीत ठेचायला नवरे बसतात आणि बायका बांधावर बसून हे बरोबर होतंय का ते पाहतात. काहींचं ठेचणं पाहून हसूही होतं, पण भरीत बिघडत नाही.

हायवेवरच्या ढाब्यांचं नाव न काढता पुढं जाता येणार नाही. तिथली शेवभाजी. कांदा आणि सुकं खोबरं जाळावर काळपट भाजून वाटायचं, त्यात काळा मसाला, वर तेलाचा लाल तवंग, आणि जाड तिखट शेव अगदी वाढायच्या वेळी टाकायची. आधी टाकली की तिचा लगदा होतो. दोन माणसांत एक प्लेट पुरते, पण तिखट सोसत नसेल तर आधी सांगितलेलं बरं.

सणांचं बोलायचं तर शनिवार-रविवारचा खरा सण एकच, कानबाई देवीचा. श्रावणात नागपंचमीनंतर येणाऱ्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी सकाळी तिचं विसर्जन होतं. सुट्टीला जोडून येणारा असा सण दुसरा शोधावा लागेल. सुरतच्या कापड गिरण्यांत आणि नाशिक-पुण्याच्या कारखान्यांत असलेला खान्देशी माणूस त्या शनिवारी सोमवारची रजा टाकून एसटीत बसतो. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी बऱ्याच घरांत पुरुषांच्या नावानं मुठी मोजून गहू घेतात. दळायचं, लाटायचं, रांधायचं काम बायकांचं, पण मुठीत नाव त्यांचं नसतं. आता काही सुना सासूला विचारू लागल्या आहेत, "आमची मूठ कुठंय?" हा प्रश्न योग्य आहे. रात्रभर गाणी, फुगड्या आणि सकाळी डोक्यावर कानबाई घेऊन वाजतगाजत नदीकडं. एरवी बोलणं टाकलेले चुलतभाऊही त्या दिवशी एका पंगतीला येतात, कारण रोट भाऊबंदांतच खायचे असतात.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, तिचा थाट निराळा. लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. पालथ्या खापरावर भाजलेली पुरणपोळी आणि आमरस हे त्या दिवसाचं जेवण. ही पोळी पोळपाटावर लाटत नाहीत. पीठ इतकं सैल आणि चिवट मळलेलं असतं की ती दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवतात आणि अलगद खापरावर टाकतात. पाहताना सोपं वाटतं. जावई माणसानं एकदा करून पाहावं, म्हणजे ताटातली पोळी टाकायची हिंमत होणार नाही.

ज्यांच्याकडं दोन दिवस आहेत त्यांनी चाळीसगाव गाठावं. पाटणादेवीचा परिसर गौताळा अभयारण्यात आहे. पावसाळ्यात केदारकुंडाचा धबधबा वाहता असतो. गणिती भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथं मठ काढला, त्याचा 1207 सालचा शिलालेख इथंच मिळाला. जवळच पितळखोऱ्याची लेणी आहेत, देशातल्या फार जुन्या बौद्ध लेण्यांपैकी. दुसरा पर्याय अजिंठ्याचा: शनिवारी जळगावला जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ पाहावं, मुक्काम करावा आणि रविवारी सकाळी लवकर लेण्यांकडं निघावं.

बेत आखणाऱ्यांना दोन-तीन गोष्टी सांगायच्या आहेत. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसला जातो, तेव्हा दुपारचा प्रवास टाळावा. श्रावण आणि कार्तिक ते माघ हा आपल्याकडचा फिरायचा काळ. कुणाच्या मळ्यावर जायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करा, कारण तुम्ही दोघंच येणार म्हणालात तरी ते वांगी दहा किलो आणतील. पद्मालयाच्या तळ्यात आणि बोरीच्या पात्रात द्रोण, पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या टाकू नका. आणि अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, तेव्हा जोडून सुट्टी मिळाली तरी लेण्यांची सहल सोमवारवर ढकलू नका.