माशी, खाच आणि पन्नाशीनंतरचा डोळा

वर्षभराचा आढावा अध्यक्षाने घ्यावा असा संकेत आहे. तो छापील अहवालात आहे आणि अहवाल आपल्या हातात आहे, म्हणून तो वाचून दाखवत नाही. इथे जमलेल्या प्रशिक्षकांशी मला एकाच विषयावर बोलायचे आहे आणि तो माझ्या मनात कित्येक वर्षे साठून राहिला आहे. पिस्तुलावर स्कोप बसवण्याचा उपयोग नेमका कुणाला होतो, आणि ज्यांना होतो त्यांना आपण तो का नाकारतो?

या वादात दोन्ही बाजू एकमेकांना ऐकू येत नाहीत, कारण ‘स्कोप’ या एका शब्दात आपण दोन वेगळ्या वस्तू कोंबल्या आहेत. एक दुर्बीण, जी लक्ष्य मोठे करून दाखवते. दुसरी लाल ठिपक्याची साइट, जी काहीच मोठे करत नाही; काचेत एक ठिपका तरंगतो आणि तो लक्ष्यावर ठेवायचा असतो. पिस्तुलावरच्या दुर्बिणीचे घर अमेरिकेत आहे. 1955 साली .44 मॅग्नमची रिव्हॉल्व्हर आली, 1967 मध्ये थॉम्पसन सेंटरचे एका गोळीचे काँटेंडर पिस्तूल आले, आणि हातातल्या शस्त्राने हरणाची शिकार करणारा वर्ग तिथे उभा राहिला. त्याला दुर्बिणीचा खरोखरच उपयोग होतो. पहाटेच्या अंधुक उजेडात हरणाच्या तपकिरी अंगावर काळी माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची साइट, हरवते, दुर्बिणीची रेघ हरवत नाही. पण तो शिकारी पिस्तूल झाडाच्या फांदीवर, पाठपिशवीवर किंवा गुडघ्यावर टेकवतो, हे आपण विसरतो. शिवाय हात लांब करून बघायचे म्हणून ही दुर्बीण डोळ्यापासून फूटभर ते दोन फूट अंतरावर वापरता येईल अशी घडवावी लागते, आणि त्याची किंमत दृश्याच्या रुंदीत मोजावी लागते. तेवढ्याच शक्तीच्या रायफलच्या दुर्बिणीतून जेवढे शिवार दिसते त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपासच यातून दिसते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही. तेव्हा दुर्बिणीचे प्रकरण मी इथेच मिटवतो. उभे राहून, एका हाताने, आधाराशिवाय नेम धरणाऱ्याला ती निरुपयोगी आहे.

ती निरुपयोगी का, हे साध्या हिशोबाने कळते, आणि पुढचा सगळा मुद्दा त्याच हिशोबावर उभा आहे. एअर पिस्तुलाच्या मागच्या साइटच्या खाचेपासून पुढच्या माशीपर्यंतचे अंतर 330 मिलिमीटर धरा. हात ताठ राहिला आणि सगळे पिस्तूल जसेच्या तसे 7 मिलिमीटर बाजूला सरकले, तर दहा मीटरवर पेलेटही 7 मिलिमीटरच सरकेल. दहाचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे आणि पेलेट साडेचारचे. कड लागली तरी गुण मिळतो, म्हणजे तो शॉट दहाच. पण खाचेत माशी अर्धा मिलिमीटर तिरकी बसली, तर तोच पेलेट 15 मिलिमीटर दूर जातो आणि शॉट नवाच्या काठावर पडतो. हाताचे सरकणे माफ होते, मनगटाचा तिरकेपणा माफ होत नाही. म्हणून तर आपण पोरांना पहिल्या दिवसापासून सांगतो की नजर माशीवर ठेव, टार्गेट धूसर दिसू दे. आता दुर्बीण लावली तर मनगटाची थरथर कमी होत नाही. दुप्पट मोठी मात्र दिसते. नेमबाज ती थरथर थांबण्याची वाट बघत बसतो, श्वास संपतो, आणि रेघ दहावरून जाताना दिसली की तो ट्रिगर हिसकतो. हाताचा दोष काचेने दुरुस्त होत नाही, हे स्कोपविरोधकांचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे.

पण नेम हाताने जेवढा धरला जातो तेवढाच डोळ्यानेही, आणि इथे विरोधक थांबतात. खाच, माशी आणि टार्गेट या तीन वेगवेगळ्या अंतरांवरच्या गोष्टी आहेत. कुठलाही डोळा एका वेळी त्यातली एकच स्पष्ट बघू शकतो. पंधरा वर्षांच्या मुलीच्या डोळ्याचे भिंग लवचिक असते, हातभर अंतरावरच्या माशीवर ते सहज स्थिरावते. पन्नाशीला तेच भिंग ताठर झालेले असते. ताणलेल्या हाताच्या टोकाला माशीच्या कडा विरघळतात, तिच्या दोन्ही बाजूंच्या उजेडाच्या पट्ट्या सारख्या आहेत की नाहीत हे कळेनासे होते, आणि आपण नुकताच हिशोब केला तो अर्धा मिलिमीटर दिसतच नाही. कुठल्याही रेंजवर जा, दुपारच्या रिले बघा. दुहेरी काचेचा चष्मा लावलेला माणूस हनुवटी वर उचलून खालच्या काचेतून माशी शोधतो, ती सापडली की मान ताठते, मान ताठली की खांदा चढतो, आणि वीस वर्षे घोटून घोटून बसवलेला होल्ड त्या एका हालचालीत विस्कटतो. त्याचा हात अजून शाबूत असतो. लाल ठिपका या माणसासाठी आहे. ठिपका टार्गेटच्याच अंतरावर असल्यासारखा दिसतो, डोळ्याला एकच गोष्ट स्पष्ट बघायची राहते. हात त्याचा त्यालाच धरावा लागतो, ट्रिगर त्याचा त्यालाच दाबावा लागतो.

याला पुरावा काय, असे विचारले जाते. अमेरिकेतली बुल्सआय स्पर्धा आपल्यासारखीच एका हाताने खेळली जाते; 50 आणि 25 यार्डांवर, 2700 गुणांची. हर्शेल अँडरसन यांनी 1974 साली तिथे 2680 गुण केले. एमपॉइंट या स्वीडिश कंपनीची पहिली लाल ठिपक्याची साइट बाजारात आली ती त्यानंतर, 1975 मध्ये. पुढे त्या स्पर्धेत ठिपका सर्रास वापरला जाऊ लागला, तरीही अँडरसन यांचा विक्रम कित्येक दशके अबाधित राहिला. याउलट 1990 मध्ये बियांकी कप या वेळेवर चालणाऱ्या, दोन हातांच्या स्पर्धेत डग केनिग यांनी ठिपक्याच्या साइटवर 1920 पैकी 1920 गुण मिळवले, आणि तिथले चित्र पालटले. ही दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवा. जिथे लक्ष्य पटकन पकडायचे तिथे ठिपका तरुणालाही पुढे नेतो. जिथे सावकाश, एका हाताने, एकेक शॉट मारायचा तिथे निरोगी डोळ्याच्या श्रेष्ठ नेमबाजाला तो फारसे काही देत नाही. म्हणजे आपल्या दहा मीटरच्या खेळात ठिपक्याने जे मिळते ते गेलेले परत मिळते, अधिकचे नाही. तरुणांच्या गटात तो आणा असे मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. राही सरनोबत यांनी 2018 च्या जाकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले ते खाच आणि माशीवर, आणि उद्याच्या मुलींनीही तीच शिस्त शिकावी.

आक्षेप मला ठाऊक आहेत. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 51 वर्षांच्या युसुफ डिकेच यांनी साधा चष्मा लावून मिश्र सांघिक रौप्य जिंकले. जॉर्जियाच्या निनो सालुकवाद्झे 1988 च्या सोलपासून 2024 पर्यंत दहा ऑलिंपिक खेळल्या. मग आपल्या लोकांना ठिपका कशाला? मी या दोघांपुढे नतमस्तक आहे. पण अपवादाच्या मापाने सगळ्यांचे कपडे शिवता येत नाहीत. जिल्हा पातळीवरचा बँकेतला निवृत्त कर्मचारी डिकेच नाही, आणि त्याने खेळत राहण्यासाठी डिकेच असावे लागू नये. दुसरा आक्षेप असा की नेमबाजीचा चष्मा आणि त्यावरची बारीक छिद्राची चकती नियमात बसते, ती वापरा. जरूर वापरावी, तो पहिला उपाय आहे. पण वयाबरोबर बाहुली आकसते, डोळ्यात उजेडच कमी शिरतो, आणि छिद्र त्यातलाही अडवते. आपल्या बऱ्याच रेंजवरचे दिवे कसे आहेत हे मी इथे सांगायला नको. तिसरा आक्षेप नियमाचा. आंतरराष्ट्रीय नियम पिस्तुलावर ऑप्टिकल साइट चालू देत नाही, दृष्टिदोषाचे भिंगही शस्त्राला लावू देत नाही. पण तोच नियम रायफलवाल्याला छिद्राची साइट देतो. डोळ्याच्या मर्यादेची दखल रायफलसाठी घेता येते आणि पिस्तुलासाठी नाही, याला खेळाच्या आत्म्याचे नाव देऊ नका. आणि जिल्ह्यातल्या साठीच्या गटाला ऑलिंपिकचा नियम तसाच्या तसा लावलाच पाहिजे, असे आपल्यावर कुणी लादलेले नाही. ते आपणच ओढवून घेतले आहे, आणि त्यापायी हात शाबूत असलेली माणसे पिस्तूल विकून घरी बसत आहेत. ही माणसे उद्या मुलांना शिकवू शकली असती. मला याचा राग आहे, तो मी लपवत नाही.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. आपापल्या जिल्ह्याच्या स्पर्धेत ज्येष्ठांसाठी दहा मीटरचा एक वेगळा ठिपका-गट सुरू करावा. साइट मोठे करून दाखवणारी नसावी, पिस्तुलाचे वजन साइटसकट 1500 ग्रॅमच्या आत असावे, ट्रिगर 500 ग्रॅमच्या खाली नसावा. बाकी सगळे आहे तसेच. गुणांची यादी वेगळी ठेवावी, म्हणजे माशीवाल्यांशी तुलनाच होणार नाही. वयाची अट किती, साइट कोणत्या चालतील, तपासणी कुणी करायची, हे एका छोट्या समितीने बसून ठरवावे. आज सायंकाळच्या खुल्या सत्रात तिची नावे सुचवावीत. पहिल्या वर्षी चार-पाच जिल्हे पुढे आले तरी पुरे. मसुदा लिहायची जबाबदारी मी घेतो.