जुळी पाळण्यात राहीनात

मंडळी, दीड-दोन वर्षांची जुळी पाळण्यातून उतरू लागली, की पाळणा सोडावा. पडली तर डोके फुटेल. खाली अंथरूण घालावे. पण मण्यार रात्री अंथरुणात शिरते. म्हणून मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली चहूकडून दाबाव्यात.

दोघांना एकाच वेळी निजवावे. एक उठलं की दुसरं उठायचंच! उठेल त्याला मुकाट्याने उचलून परत निजवावे. हसू नये, ओरडू नये. त्यांना तो खेळच वाटतो. दहादा उठली, तर दहादा निजवावे. बागुलबुवाचे भय आम्हाला पसंत नाही. भ्यालेलं पोर झोपेल कसं?

या वयाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते. दिवेलागणीपर्यंत झोपू दिलं, तर रात्री कशाला झोपतील? आई दमली असेल, तर बापाने उठावे. ओट्यावर विडी ओढत बसू नये.