चूक कोणाच्या नावावर?

(राळेगावच्या वसंत व्याख्यानमालेत डिझाइनच्या एका विद्यार्थिनीने दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत माझा विषय ‘आरोग्य ॲप आणि वापरसुलभता’ असा छापला आहे. आशाताई काय काम करतात हे इथं सांगायला नको, पहिल्या दोन रांगा त्यांच्याच आहेत. (टाळ्या) म्हणून थेट मुद्द्यावर येते. ॲप वापरताना बाई अडली, तर ती चूक ॲपच्या नावावर मांडायची, बाईच्या नाही. आज मला एवढंच पटवून द्यायचं आहे.

पहिल्या संशोधनासाठी मी गरोदर मातांच्या नोंदीचं एक ॲप घेतलं. ताईंच्या हाती फोन द्यायचा, काम सांगायचं, मनात येईल ते मोठ्यानं बोलायला सांगायचं आणि आपण गप्प बसायचं, अशी पद्धत. याकोब नील्सन यांनी 2000 साली लिहिलं की पाच जणांनी वापरून पाहिलं तरी बहुतेक दोष वर येतात. दोष आलेच. शेवटच्या पाळीची तारीख भरायची, तर कॅलेंडर चालू महिन्यावर उघडायचं. मागं जायचा बाण इतका बारीक, की उन्हात दिसेना. पदराच्या सावलीत फोन धरून ताई म्हणाल्या, “माह्या हातूनच काही चुकलं असन बाई.” दुसऱ्या ताईंची रेंज गेली आणि भरलेलं सगळं पुसलं गेलं. त्याही तेच म्हणाल्या. मग त्यांनी पिशवीतून वही काढली. “हिले रेंज लागत नाही.” (हशा)

मागून कुणी म्हणतंय, ट्रेनिंग द्या. जरूर द्या. पण ट्रेनिंगनं बाण मोठा होत नाही.

2021 मध्ये अंगणवाडीच्या नोंदींसाठी पोषण ट्रॅकर हे ॲप आलं, तेव्हा काय झालं ते अंगणवाडी सेविकांना आठवत असेल. इंग्रजीत भरायची माहिती, सरकारी फोनची ताकद कमी. त्या ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी फोन परत केले, संघटना उच्च न्यायालयात गेली. तो विरोध कामाला नव्हता. माझ्या लेखी ती वापरसुलभतेची सगळ्यात मोठी चाचणी होती, आणि तिचा अहवाल सेविकांनी स्वतः दिला.

आता याच्या उलट उदाहरण, गडचिरोलीचं. हे जरा सविस्तर सांगू द्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 पासून तिथं आहेत. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे श्वासावरून ओळखायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल तर धोका, मोठ्या मुलाला पन्नास. पण गावातल्या निरक्षर दाईनं साठपर्यंत मोजायचं कसं? त्यांनी दाईला पाढे शिकवत बसायचं टाळलं. एक मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या दोन ओळी, लहान बाळाची एक, मोठ्या मुलाची एक. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात, तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आलं की झालं. 1992 साली यावर त्यांचा शोधनिबंध आला. साठ मोजायचं ओझं दाईच्या डोक्यावरून उचलून यंत्रावर ठेवलं, याला मी डिझाइन म्हणते. आणि ज्यांना जमणार नाही असं आपण गृहीत धरतो, त्या गावातल्याच बायकांनी पुढं नवजात बाळांना जंतुसंसर्गावर इंजेक्शनं दिली. 1999 च्या ‘लॅन्सेट’मधल्या अभ्यासात 39 गावांत नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी घटलेला दिसतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पुढं बसलेले डॉक्टरसाहेब मान हलवताहेत. आकडे वेळेवर वर पाठवायचा ताण त्यांच्यावर आहे, मला मान्य आहे. त्यांच्याशी प्रश्नोत्तरांत बोलते.

मागणी एवढीच. नवं ॲप लागू करण्याआधी उपकेंद्राच्या ओट्यावर, भर दुपारी, ताईंच्याच फोनवर वापरून पाहा. त्या वेळेचा मोबदला ताईंना द्या. आणि कुठं अडलं त्याची यादी ॲप बनवणाऱ्यांकडे जाऊ द्या, ताईंच्या वरिष्ठांकडे नको. कारण फोन हातात घेण्याआधी जवळजवळ प्रत्येक ताईनं मला विचारलं होतं, “हे मॅडमले सांगशीन का?”