किल्ली काढून घेण्यापूर्वी



संध्याकाळचे सात. डोंबिवली स्टेशनबाहेर तुम्ही रिक्षावाल्याला विचारता आणि तो मान हलवतो. जवळचं भाडं त्याला नकोय. दिवसभराचा शीण, हातात पिशव्या. संतापून तुम्ही रिक्षाची किल्ली काढून घेता आणि म्हणता, आता जाऊन दाखव!

भाडं नाकारणं हा मोटार वाहन कायद्याखाली गुन्हाच आहे. पण किल्ली काढून त्याची वाट अडवलीत, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२६ तुम्हालाच लागू शकतं. शिक्षा एक महिन्यापर्यंत साधी कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हात उगारून दुखापत केलीत, तर कैद वर्षापर्यंत जाऊ शकते.

नागरिकाला कुणाला पकडता येतच नाही का? येतं. पण गुन्हा डोळ्यांदेखत घडलेला हवा, आणि तो दखलपात्र व अजामीनपात्रही हवा. शिवाय पकडलेल्याला विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करावं लागतं. भाडं नाकारणं, रस्त्यात गाडी लावणं, पदपथ अडवणं यात बसत नाही.

२०१७ आठवा. २९ सप्टेंबरला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. लोक हळहळले, चिडले. स्टेशनबाहेरचे फेरीवाले हटवा, अशी मागणी झाली. २१ ऑक्टोबरला मनसेच्या कार्यकर्त्यांनी ठाणे आणि कल्याण स्टेशनबाहेर फेरीवाल्यांचे ठेले उलथवले. त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले. १ नोव्हेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई असल्याचं स्पष्ट केलं. कार्यकर्त्यांची मागणीही तीच होती, पण ठेला उलथवण्याचा अधिकार त्या मागणीतून कुणालाच मिळत नव्हता.

२०१४ च्या फेरीवाला कायद्याने खुद्द पालिकेचेही हात बांधले आहेत. माल जप्त केला तर त्याची यादी द्यायची, आणि मागणी आल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी परत करायचा. भाजीच्या एका टोपलीसाठी पालिकेला एवढं बंधन असेल, तर ती टोपली लाथेने उडवण्याची मुभा तुम्हाआम्हाला कुठून असणार?

म्हणून रिक्षाचा नंबर टिपा. वेळ, जागा लिहा आणि आरटीओकडे तक्रार करा. पोच घ्या, पाठपुरावा करा. हे चिकाटीचं काम आहे, मला मान्य आहे. पण त्या कागदावर तुम्ही तक्रारदार असता. किल्ली हिसकावलीत, की आरोपी होता.