नेहरू विज्ञान केंद्रात एक दिवस

ज्या लोहमार्गावरून १८६७ साली विरारची पहिली गाडी बॅकबेकडे निघाली, त्याच मार्गाने वसई-विरारकरांनी दादरला गाडी बदलून महालक्ष्मीस उतरावे आणि मुंबईतील वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र मुलाबाळांसह अवश्य पाहावे. १९८५ साली उघडलेल्या या केंद्रात उपकरणांना हात लावण्यास मज्जाव नसून, कळ दाबून स्वतः प्रयोग करण्याची मुभा आहे. उद्यानात वाफेचे इंजिन आहे; दट्ट्याची सरळ ये-जा जोडदांड्याच्या योगे चाकाच्या वर्तुळगतीत कशी परिवर्तित होते, हे तेथे मुलांना बोट दाखवून समजावता येते. मला मात्र तेथील ट्रामचा डबा अधिक मोलाचा वाटतो; कारण १९६४ साली मुंबईतून ट्राम कायमची गेली.