कुलूपवाले आणि खुलेवाले : एका भांडणाची गमतीदार गाणी
(वार्षिक संमेलनातील भाषणाचा मजकूर)



संगणक हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी पुष्कळांचा चेहरा गंभीर होतो. परीक्षेचा निकाल ऐकायला बसावे तसे आपण त्याच्यापुढे बसतो. म्हणून आज मी संगणकाच्या यंत्राविषयी न बोलता त्याच्या गाण्यांविषयी बोलणार आहे. संगणकावर ऐकायची गाणी नव्हेत. संगणकाच्या जगातील दोन पक्षांनी एकमेकांची थट्टा करण्यासाठी रचलेली गाणी!

भांडण गाण्यातून मांडावे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. लग्नात दोन्हीकडच्या विहिणी एकमेकींना गाण्यातून चिमटे काढतात. कलगी-तुऱ्याच्या सामन्यात कलगीवाला शक्तीला थोर म्हणतो, तुरेवाला शिवाला. डफ-तुणतुण्याच्या साथीत सवाल होतो, जवाब होतो आणि रात्र सरते. पेशवाईच्या उत्तरकाळात होनाजी बाळाच्या जोडीने ज्याचे नाव घेतले जाते, तो सगनभाऊ मुसलमान शाहीर होता. अशा फडात प्रश्न जातीधर्माचा नसे. समोरच्याचा सवाल बिनतोड आहे की नाही, एवढाच असे. श्रोता हसत हसत दोन्ही बाजू ऐकून घेई. थट्टेच्या गाण्याचा खरा उपयोग हाच.

आता संगणकवाल्यांचे भांडण कशावरून, ते पाहू. सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची यादी. आपल्या खानदेशातल्या भरिताचे उदाहरण घ्या. एक दुकानदार भरीत डबाबंद करून विकतो. चव उत्तम, पण कृती विचारायची नाही, त्यात मीठ-मिरची घालायची नाही आणि शेजाऱ्याला वाटीभरही द्यायचे नाही. दुसरा भरिताबरोबर कृतीही हातात ठेवतो आणि म्हणतो, "घरी करा, बदल करा, शेजारी द्या, मात्र ज्याला द्याल त्याला कृतीही द्या." पहिल्याला मी कुलूपवाला म्हणतो, दुसऱ्याला खुलेवाला.

या भांडणाला निम्म्या शतकाचा इतिहास आहे. १९७६ साली तरुण बिल गेट्स यांनी संगणकाच्या हौशी मंडळींना एक उघडे पत्र लिहिले. त्यांची तक्रार अशी की, आम्ही मेहनतीने तयार केलेले सॉफ्टवेअर तुम्हांपैकी बहुतेक जण फुकट उतरवून घेता. ही चोरी आहे. तक्रार खोटी नव्हती. पुढे अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन या तरुणाला एका लेसर प्रिंटरने छळले. कागद वारंवार अडके. प्रिंटरचे सॉफ्टवेअर सुधारून घ्यावे म्हटले, तर त्याची 'कृती' कोणी देईना. अशा अनुभवांतून १९८३ मध्ये त्यांनी 'ग्नू' नावाचा प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला. पेंग्विन पक्षी पुढे त्याचे चिन्ह झाला.

आणि मग गाणी आली! स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरचे गाणे रचले. चाल घेतली बल्गेरियातील एका लोकगीताची, आपल्या रूपक तालासारखी सात मात्रांची. आशय एवढाच की, वाटून घ्या आणि स्वतंत्र व्हा. ते स्वतःच सभांतून हे गाणे म्हणत आले. त्यात गळ्यापेक्षा उत्साह मोठा. पण शाहिराला उत्साह नसेल तर गळा काय कामाचा?

कॅनडातील कॅलगरी येथे थिओ डी राट यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या 'ओपनबीएसडी' या प्रकल्पाने तर २००१ पासून नव्या आवृत्तीबरोबर एक गाणे देण्याची प्रथाच पाडली. २००६ च्या गाण्यात कंपन्यांच्या बंद डब्यातील सॉफ्टवेअरला सिनेमातल्या राक्षसी गोळ्याचे रूप दिले होते. गंमत अशी की, २००८ मध्ये त्यांनी खुद्द स्टॉलमन यांचीच खिल्ली उडवली! खुलेवाल्यांतही पुन्हा दोन फड आहेत, हे यावरून कळते. कॅनडातल्याच 'थ्री डेड ट्रोल्स इन अ बॅगी' या विनोदी मंडळीच्या गाण्याने मात्र कोणालाच सोडले नाही. त्यांच्या मते सगळ्याच पक्षांचा माल सारखाच टाकाऊ!

इंग्रजीत या मंडळींची एक अडचण होते. 'फ्री' म्हणजे फुकट की स्वतंत्र, हे त्यांना दर वेळी समजावून सांगावे लागते. आपल्याला ती अडचण नाही. मराठीत मुक्त वेगळे, फुकट वेगळे. उर्दूत आझाद वेगळे, मुफ्त वेगळे. आपल्या घरात या दोन्ही भाषांची संपत्ती आहे, तेव्हा हा विषय आपल्या मुलांना लवकर समजायला हवा. म्हणून मुलांसाठी मी एक छोटा सवाल-जवाब जुळवला. एका बाकावर कुलूपवाले, दुसऱ्यावर खुलेवाले :

कुलूपवाला :
दाम मोजतो, थाट बघावा, दुकान माझे मोठे रे,
फुकट मिळाल्या पेंग्विनचे त्या घरदार तरी कोठे रे?

खुलेवाला :
घरदार त्याचे साऱ्या गावी, दार कधी ना लोटे रे,
तुझी एक ती किल्ली हरवता रडती छोटे-मोठे रे!

कुलूपवाला :
प्रिंटर जोडता घाम फुटे, मग मदतीला ये कोण रे?

खुलेवाला :
ज्याला सुटले कोडे आधी, त्याचाच येई फोन रे!

('कोण' आणि 'फोन' यांचे यमक पुण्यात जुळत नसेल, खानदेशात बिनतोड जुळते.)

हे भांडण आता पूर्वीइतके कडवटही राहिलेले नाही. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. २०१४ मध्ये त्याच कंपनीचे नवे प्रमुख, आपल्या हैदराबादचे सत्या नाडेला, यांनी लिनक्सवर आपले प्रेम असल्याचे जाहीर केले. विहिणी शेवटी एका पंगतीत बसल्या म्हणायच्या!

पण वाचकहो, या सामन्यात एक तिसराही आहे आणि त्याच्यावर कोणी गाणे रचत नाही. तो पैसेही मोजत नाही आणि मुक्त सॉफ्टवेअरही घेत नाही. कुलूपवाल्याचाच माल तो बनावट किल्लीने उघडतो. दुकानदार संगणकाबरोबर 'सगळे टाकून देतो' म्हणतो, आपण पावती मागत नाही. शाळेत आपण मुलांना कॉपी करू नका असे सांगतो आणि ते सांगणारी सूचना उतरवलेल्या सॉफ्टवेअरवर टाइप करतो. मूल हे पाहत असते. कुलूपवाल्याची बाजू न्यायाची आहे, त्याला दाम द्यावा. खुलेवाल्याची बाजूही न्यायाची आहे, त्याचे ऋण मानावे. तिसऱ्याला मात्र बाजूच नाही. गरिबी ही सबब आता पुरत नाही. कारण लिनक्स आणि लिब्रेऑफिस हे दोन्ही पैसे न देता, राजरोस मिळतात. शेजारच्या गोव्यापलीकडे फार दूर जायला नको. केरळ राज्याने आपल्या शाळांतील संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेले आणि चालवून दाखवले.

खुले म्हणजे बेवारस, असा एक गैरसमज आहे. तो दूर करायला असोदेकरांना परदेशात जावे लागत नाही. बहिणाबाई चौधरी १८८० साली याच असोद्यात जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात गाणी सुचत आणि ती सहज वाटली जात. जात्यावरच्या ओवीला कुलूप नसते. एकीने म्हणावी, दुसरीने पुढे जोडावी. तरीही बहिणाबाईंच्या गाण्यांवर नाव त्यांचेच आहे. मुलगा सोपानदेव आणि नात्यातील मंडळींनी ती उतरवून ठेवली आणि आचार्य अत्रे यांच्या प्रोत्साहनाने १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. मुक्त सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. ज्याचे नाव त्याचे नाव राहते. १९८९ च्या 'जीपीएल' परवान्याची अट अशी की, घ्या, बदला, वाटा. पण बदललेले वाटाल तेव्हा पुढच्यालाही तीच मोकळीक द्या.

ही मोकळीक आपल्या लिपींसाठीही मोलाची आहे. मराठीचे जुने मजकूर ज्या त्या कंपनीच्या फॉन्टमध्ये अडकले. फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसती अक्षरांची खिचडी. उर्दूचेही तेच. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाक्षरे हाताने लिहून नूरी नस्तालीक संगणकासाठी सिद्ध केली, हे केवढे काम! पण त्या पद्धतीच्या जुन्या फायली दुसऱ्या ठिकाणी सहज उघडत नसत. आता युनिकोडमुळे आणि खुल्या परवान्याच्या देवनागरी व नस्तालीक फॉन्टमुळे ती अडचण सरत आली आहे.

तेव्हा माझी विनंती साधी आहे. पालकांनी संगणक घेताना सॉफ्टवेअरची पावती मागावी, किंवा मुक्त सॉफ्टवेअर घालून मागावे. शिक्षकांनी प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये लिहाव्यात. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही कोणत्याही बाकावर बसा, कलगीच्या किंवा तुऱ्याच्या. पण फडात उभे राहून आपल्या नावाने गा. वरच्या सवाल-जवाबाला मी कुलूप लावलेले नाही. पुढचे कडवे तुम्ही जोडा.