नंबर लपवून येणारा फोन

(कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीजवळच्या साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज फोनविषयी बोलायचे आहे. फोन आता घरोघरी आहे. कारखान्यात पाळी बदलली, की ठेकेदार फोन करतो. दुधाचे बिल बँकेत जमा झाले, की फोन वाजतो. पोरगा कोल्हापूरला कॉलेजात पोहोचला, की आईला फोन करतो. म्हणून फोन टाकून देऊन आपले चालणार नाही.

पण कधी कधी असा एक फोन येतो, की त्याचा नंबरच दिसत नाही. नंबराच्या जागी 'प्रायव्हेट नंबर' किंवा 'अननोन' अशी अक्षरे येतात. पुष्कळदा ती इंग्रजीत असतात. आपल्या वर्गातल्या एक बाई म्हणाल्या, "गुरुजी, मला वाटलं कंपनीचं नाव असंल." कंपनीचे नाव नव्हे ते. फोन करणाऱ्याचा नंबर तुम्हाला दाखवलेला नाही, एवढाच त्या अक्षरांचा अर्थ.

मी नोकरीला लागलो, तेव्हा शाळेच्या कचेरीत एक काळा फोन होता. त्याला पडदा नव्हता. त्यामुळे सगळेच फोन नंबर लपवून आल्यासारखे असत. फोन उचलला, की पहिला प्रश्न असे, "कोण बोलताय?" समोरच्याने नाव-गाव सांगितले, की मग बोलणे पुढे जाई. आपल्या देशात मोबाइलवरचे पहिले बोलणे ३१ जुलै १९९५ रोजी झाले. त्यानंतर बरीच वर्षे आलेला फोन ऐकायलाही पैसे पडत. २००३ साली ते बंद झाले. पैसे पडत होते, तोवर माणसे जपून बोलत. आता फोन उचलला, की आपणच आधी आपले नाव सांगून मोकळे होतो. ही सवय मोडा. आधी त्याला नाव विचारा. तो सांगत नसेल, तर तुम्हीही सांगू नका.

आता हा नंबर लपतो कसा, ते पाहू. तुम्ही फोन लावता, तेव्हा तुमचा आवाज जाण्याआधी तुमचा नंबर पुढे जातो. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो ना, तसाच. तो समोरच्या फोनच्या पडद्यावर उमटतो. पत्ता कंपनीजवळ राहू द्यावा, पण फोन घेणाऱ्याला दाखवू नये, अशीही एक सोय असते. कित्येक देशांत ती कोणालाही मिळते. आपल्याकडे साध्या गिऱ्हाइकाला ती मिळत नाही. सरकारच्या परवानगीने ठरावीक लोकांनाच मिळते.

मग आपल्याला असे फोन येतात कुठून? काही परदेशांतून येतात. त्यांचा नंबर वाटेतच कुठेतरी गळून पडतो. काही इंटरनेटवरून येतात. म्हणजे असा प्रत्येक फोन वाईट माणसाचाच असतो, असे नाही. आखातात कामाला गेलेल्या मुलाचाही असू शकेल. सैन्यातल्या जवानाचा फोनही काही वेळा ओळखीच्या नंबरावरून येत नाही. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात घराघरांतून जवान गेलेले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

अशा घरांनी एक खूण ठरवून ठेवावी. घरच्या म्हशीचे नाव ठरवा, नाही तर आजीचे माहेरचे गाव ठरवा. फोनवर आवाज नीट ओळखू येत नसेल, तर ती खूण विचारा. आपला माणूस चटकन सांगेल. आणि तुम्ही फोन घेतला नाही, तर आपला माणूस पुन्हा करील, दुसऱ्या फोनवरून करील, शेजाऱ्याकडे निरोप ठेवील. अडलेला माणूस वाट काढतोच.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. हिच्यासाठीच आज हा विषय घेतला.

आपल्या वसाहतीच्या भोवती कसबा सांगाव, मौजे सांगाव, तळंदगे, पट्टणकोडोली, हुपरी अशी गावे आहेत. तिथल्या पुष्कळ मुली आता कारखान्यात जातात. यांतल्याच एका गावची एक मुलगी. तिचे नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. ती कामाला जाई. पगार आईच्या हातात देई. एके रात्री ११ वाजता तिचा फोन वाजला. नंबर नव्हता. पलीकडे कोणी बोलेना. दुसऱ्या रात्री तेच. चौथ्या रात्री फोन भावाने उचलला. पलीकडच्याने मुलीचे नाव घेतले, हसला आणि फोन ठेवला.

भाऊ बिघडला. "त्येला तुझं नाव कसं म्हाईत? तुझ्याच वळखीचा असणार," म्हणाला. वडिलांनी फोन काढून घेतला. फोन नाही म्हटल्यावर पाळी बदलल्याचा निरोप कसा कळणार? दोन खाडे पडले. मग वडील म्हणाले, "ऱ्हाऊ दे ती नोकरी. गावात तोंड दाखवायला जागा उरणार न्हाई." मुलगी तीन आठवडे घरी बसली.

तिची आई आपल्या वर्गाला येते. एक दिवस वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली. म्हणाली, "गुरुजी, फोन करणाऱ्यानं केला. हिचा काय गुन्हा?"

मंडळी, या प्रश्नाचे उत्तर त्या घरात कोणी दिले नव्हते. मुलीचा काहीही गुन्हा नव्हता. ज्याने फोन केला, तो कुठेतरी आरामात बसला. जिला फोन आला, तिची नोकरी जाण्याची वेळ आली. मी त्या वडिलांकडे गेलो. त्यांना म्हटले, "तुमच्या घरावर रात्री कोणी दगड मारला, तर तुम्ही दगड मारणाऱ्याला शोधाल, की घराला दोष द्याल?" ते काही बोलले नाहीत. चहा मात्र दिला.

आणि नाव कळायला ओळख लागते कुठे? आपला नंबर आणि आपले नाव किती ठिकाणी लिहिलेले असते, मोजा बरे. रिचार्जच्या दुकानात, ठेकेदाराच्या यादीत, दवाखान्याच्या वहीत, बचत गटाच्या वहीत. शिवाय फोनवर नंबर टाकला, की माणसाचे नाव दाखवणारी ॲपही निघाली आहेत. नाव माहीत असणे हा ओळखीचा पुरावा नव्हे.

मग त्या आईने एक काम केले. दोन वर्षांपूर्वी ती अंगठा उठवत होती. तिने वही घेतली आणि लिहायला सुरुवात केली. तारीख, वार, वेळ, फोन किती वेळ वाजला, पलीकडचा काय बोलला. नऊ ओळी झाल्या. अक्षर वाकडे होते, पण वाचता येत होते. त्या नऊ ओळी आणि अर्ज घेऊन आई, वडील आणि मुलगी असे तिघेही पोलीस ठाण्यात गेले. वडील गेले, हे मला फार बरे वाटले. फोन इंटरनेटवरून येत होते, तपासाला वेळ लागेल, असे त्यांना सांगितले गेले. करणारा अजून सापडलेला नाही. पण मुलीचा फोन मुलीला परत मिळाला आणि ती पुन्हा कामावर जाऊ लागली. भावाला अजून थोडी लाज वाटते, ती वाटू दे.

कायदा याबाबत काय म्हणतो? फोन नव्हता तेव्हा गावात निनावी पत्रे येत. खाली सही नाही, आत धमकी. १८६० च्या जुन्या दंडविधानातही अशा निनावी धमकीसाठी वेगळे कलम होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात ते कलम ३५१ मध्ये आहे. नाव लपवून धमकी दिली, तर धमकीची शिक्षा आहेच, वर आणखी २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे तोंड लपवले, की कायद्यात गुन्हा वाढतो, कमी होत नाही. कलम ७८ बायकांच्या संरक्षणाचे आहे. बाईने नको म्हणून स्पष्ट सांगितले, तरी सलगी करण्यासाठी जो पुन्हा पुन्हा तिच्या मागे लागतो, त्याला पहिल्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

म्हणून अशा माणसाला एकदाच, शांत आवाजात सांगा, "पुन्हा फोन करू नका." ती तारीख वहीत लिहा. त्यानंतर बोलू नका. घरातले तरुण शिव्या देतात. त्याचा उपयोग नाही. समोरच्याला तेच हवे असते. तुम्ही चिडलात, की त्याची करमणूक होते. नंबर नसलेले फोन आपोआप बंद करण्याची सोय पुष्कळ फोनांत असते. शाळेत जाणाऱ्या मुलाला सांगा, तो शोधून देईल. मात्र ज्यांचा माणूस परदेशात किंवा सैन्यात आहे, त्यांनी आधी त्याला विचारून मग ती लावावी.

"नंबरच नाही, मग पोलीस काय शोधणार?" असे पुष्कळ जण म्हणतात. तुमच्या पडद्यावर नंबर नसला, तरी फोन कुठून आला याची नोंद फोन कंपनीकडे होते. २०२१ च्या डिसेंबरात सरकारने कंपन्यांना अशी नोंद किमान २ वर्षे ठेवण्यास सांगितले. पोलीस ती मागू शकतात, तुम्ही-आम्ही नाही. इंटरनेटवरून फोन आला असेल, तर माग काढणे कठीण जाते, हे खरे आहे. पण तुमच्याकडे तारीख आणि वेळच नसेल, तर तपास सुरू कुठून करायचा?

दुसरे काही जण म्हणतात, "फोन कर्नाटकातून आला असंल, आपलं पोलीस काय करणार?" कोगनोळीचा नाका ओलांडला, की कर्नाटक लागते, म्हणून आपल्याकडे हे फार ऐकू येते. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. हद्द आडवी येत नाही. नव्या कायद्यात तसे लिहिले आहे. खबरीची प्रतही फुकट मिळते.

आता दुसऱ्या जातीचा फोन. हा माणूस गप्प बसत नाही, फार बोलतो. "मी पोलीस बोलतोय, मी सीबीआयमधून बोलतोय, तुमच्या नावाने गुन्हा आहे." हे लोक नंबर लपवतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे खोटा नंबर दाखवतात. फोन परदेशातून येतो आणि पडद्यावर आपल्याच देशाचा नंबर दिसतो. असे फोन अडवण्यासाठी सरकारने २२ ऑक्टोबर २०२४ रोजी एक यंत्रणा सुरू केली. पहिल्या २४ तासांत तिने १ कोटी ३५ लाख फोन पकडले. एका दिवसात!

यात अडाणी माणूसच फसतो, असे समजू नका. लुधियानाचे एस. पी. ओसवाल हे सूत आणि कापडाच्या मोठ्या उद्योगसमूहाचे प्रमुख. वय ८२. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्यांना फोन आला, ९ आकडा दाबा, नाही तर तुमचा फोन बंद होईल. त्यांनी दाबला. मग मुंबईच्या कुलाब्यातून सीबीआय बोलत असल्याची बतावणी झाली. पडद्यावर खोटे कोर्ट भरवले. त्यात सरन्यायाधीश चंद्रचूड म्हणून एक तोतया बसवला. ओसवालांचे ७ कोटी रुपये गेले. तक्रार झाल्यावर पोलिसांनी त्यांतले ५ कोटी २५ लाख परत मिळवले. तक्रार केली, म्हणून मिळाले. लाज वाटून गप्प बसले असते, तर तेही गेले असते.

फोनवर अटक होत नाही. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट कोणत्याही कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनीही रेडिओवरून हे सांगितले. फोन बंद होईल म्हणून दूरसंचार खाते असा फोन करत नाही. कोणी सांगितले म्हणून फोनवर कसलेही आकडे दाबू नका, ओटीपी सांगू नका, आणि "घरात कोणाला सांगू नका" असे जो म्हणेल, त्याचा फोन त्याच क्षणी ठेवून घरात सर्वांना सांगा.

पैसे गेलेच, तर १९३० हा नंबर लगेच लावा. उद्या सकाळी बघू, असे म्हणू नका. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले, तर अडवतात. जिवाची धास्ती वाटली, तर ११२ लावा. बायकांसाठी १८१ आहे. ठकाचा फोन आला, पण पैसे गेले नाहीत, तर सरकारच्या 'संचार साथी'वर 'चक्षू' नावाच्या ठिकाणी कळवता येते. हे तीन आकडे आज फळ्यावर लिहिले आहेत, ते वहीत उतरवून घ्या.

आता शेवटी अर्ज. आज शुद्धलेखनाला हाच घेऊ. गाळलेल्या जागा ज्याने त्याने भराव्यात.

मा. पोलीस निरीक्षक यांस,
अर्जदार : ........ राहणार : ........
विषय : नंबर न दिसणाऱ्या फोनबाबत.
माझ्या फोनचा नंबर ........ असा आहे. त्यावर तारीख ........ पासून तारीख ........ पर्यंत नंबर न दिसणारे ........ फोन आले. तारखा आणि वेळा सोबतच्या कागदावर लिहिल्या आहेत. फोन करणारा पुढीलप्रमाणे बोलला : ........ . पुन्हा फोन करू नका, असे मी त्याला तारीख ........ रोजी सांगितले. तरीही फोन येत आहेत. फोन करणाऱ्याचा शोध घ्यावा, ही विनंती.
सही : ........ तारीख : ........

तो जे शब्द बोलला, तेच लिहा. घाणेरडे असले, तरी तेच लिहा. त्यात लिहिणाऱ्याची अब्रू जात नाही. अर्जाच्या दोन प्रती करा. एक ठाण्यात द्या. दुसरीवर पोच म्हणून सही आणि शिक्का घ्या, आणि ती रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवा.